अबोला धरायला जागा नव्हती

बीड जिल्ह्यातला पोरगा शिडाच्या जहाजावरून समुद्रात गेला होता म्हटलं की लोक दोन प्रश्न विचारतात. भीती नाही वाटली? आणि त्यातून मिळालं काय? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. वाटली, पण पहिले काही दिवस ओकाऱ्यांनी इतकं छळलं की भीतीकडे बघायला सवड नव्हती. दुसऱ्याचं उत्तर मी आजवर ‘शिस्त लागली’ एवढ्यावर उरकत आलो, कारण लग्नाच्या पंगतीत तेवढंच चालतं. इथं नीट सांगतो. माझा अबोला सुटला.

आमच्याकडे अबोला काय चीज आहे ते मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको. माझे वडील, तात्या, आणि थोरले चुलते, अण्णा, यांचं बांधावरून बिनसलं तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. विहीर मात्र सामायिक. त्यामुळे दोघांमधला निरोप्या मी. “जा, अण्णाला सांग, मोटर बंद करा म्हणावं.” अण्णा दहा पावलांवर उभे, त्यांना सगळं ऐकू जायचं. तरी मी जाऊन सांगायचो. मग ते म्हणायचे, “सांग तुझ्या बापाला, लाइट रात्री बाराला येणार आहे, तेव्हा धर म्हणावं पाणी.” हे मी इतकं केलंय की रागावलेली माणसं अशीच राहतात, असंच मला वाटायचं.

दहावीनंतर औरंगाबादच्या एसपीआयमध्ये गेलो. एनडीएसाठी, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, मुलं तयार करणारी ही राज्य सरकारची संस्था १९७७ पासून आहे. तिथून खडकवासल्याला एनडीएत, आणि नौदलाचा पांढरा गणवेश. तोवर मी पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर. नौदलाकडे शिडाची दोन मोठी प्रशिक्षण जहाजं आहेत, १९९७ ची तरंगिणी आणि २०१२ ची सुदर्शिनी. दोन्ही गोव्यात बांधलेली, तीन डोलकाठ्यांची, ५४ मीटर लांब. त्यांतल्या एकावर एकोणिसाव्या वर्षी कोचीहून सेशेल्सला गेलो. अंतर दीड हजार सागरी मैल, म्हणजे पावणेतीन हजार किलोमीटरच्या आसपास, आणि तेही वाऱ्याच्या मर्जीनं. एका गोष्टीत मी सगळ्यांच्या पुढं होतो. गोडं पाणी जपून वापरायचं होतं. ज्या मुलखात २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला तांब्याभर पाण्यात अंघोळ शिकवावी लागत नाही.

भांडण झालं ते माझ्या हिंदीवरून. आमची हिंदी ‘हौ’ आणि ‘नक्को’ची. उत्तरेकडचा एक कॅडेट जेवताना तिची नक्कल करायचा आणि टेबल हसायचं. एका रात्री मी ताट उचलून निघून आलो आणि ठरवलं, आता याच्याशी बोलायचं नाही. हे ठरवताना मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

अडचण अशी की जहाजावर चार-चार तासांच्या पाळ्या असतात, त्यांना वॉच म्हणतात. रात्री बारा ते चारच्या वॉचला सुकाणूवर मी, आणि चारला मला सोडवायला तो. सुकाणू असं गुपचूप हातात देता येत नाही. कोर्स, म्हणजे जहाजाची दिशा, सांगावा लागतो, वारा कुठून आहे ते सांगावं लागतं, कोणती शिडं वर आहेत, कोणत्या जहाजाचा दिवा कुठं दिसला तेही. आणि समोरच्यानं ते मोठ्यानं परत म्हणायचं. “कोर्स टू थ्री झिरो.” तो म्हणेपर्यंत चाक सोडायचं नाही. ज्याचं तोंड बघायचं नाही असं ठरवलंय, त्याच्याशी पहाटे चारला इतकं स्वच्छ बोलावं लागतं.

डोलकाठीवर चढल्यावर तर आणखी पंचाईत. चौकोनी शीड ज्या आडव्या काठीला, म्हणजे यार्डला, बांधलेलं असतं, तिच्याखाली पाय ठेवायला एकच दोर. त्यावर आपण उभे असताना दुसऱ्यानं पाय ठेवला की दोर ताणला जातो आणि आपण अचानक वर-खाली होतो. म्हणून पाय ठेवण्याआधी ओरडून सांगायचं आणि आधीच्यानं ओ द्यायची. तो माझ्या शेजारीच असायचा. मी न सांगता पाय ठेवला असता तर तो धडपडला असता, आणि उलटही. रुसून बसायला खाली जागा नव्हती, वर तर नव्हतीच.

विषुववृत्ताजवळ वारा पडला. शिडं नुसती लोंबत होती, जहाज जागच्या जागी डुलत होतं. त्या उकाड्यात केव्हातरी लक्षात आलं की मी त्याच्याशी बोलतोय, आणि वॉचपुरतंच नाही. त्यानं माफी मागितली नाही, मीही विषय काढला नाही. आमची मैत्री झाली असं मात्र समजू नका. ती आजही नाही.

आता कुणी म्हणेल, नेदरलँड्सची लॉरा डेकर सोळाव्या वर्षी एकटीनं जग फिरून आली, २०१२ साली. तुझं काय एवढं? मान्य. पण एकट्या माणसाचा समुद्र वेगळा, त्याला माझी कटकट नसते. मला जास्त नवल वाटतं ते दिलना आणि रूपा या आपल्या नौदलातल्या दोघींचं. ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५, तारिणी नावाची लहानशी शिडाची बोट, आणि बोटीवर फक्त दोघी. त्यांच्या पृथ्वीप्रदक्षिणेपेक्षा मला तेच अवघड दिसतं.

समुद्रानं माणूस सुधारतो असं मी म्हणणार नाही. त्याच जहाजावरून चढताना होते तसेच उतरलेले मी पाहिलेत. माझ्या बाबतीत जे झालं ते मला सुट्टीत गावी आल्यावर कळलं. विहिरीवर तात्या, अण्णा आणि मी. तात्या म्हणाले, “अण्णाला सांग, पाइप उसवलाय म्हणावं.”

मी म्हटलं, “तात्या, ते इथंच उभे आहेत. तुम्हीच सांगा की.”

तात्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग माझ्या धाकट्या भावाला हाक मारली.