पाहिलं नाही

अमृतमहोत्सव समितीचा फोन आला तेव्हा मी सकाळच्या गोळ्या मोजत बसलो होतो. "काका, स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या ना, कुठलीही आठवण चालेल," पलीकडची मुलगी म्हणाली. मला एकच आठवते, त्याला काय करू? गॅदरिंग, स्काउटचे कॅम्प, फाटकाजवळचा चिंचावाला, हे सगळं बाकीचे लिहितीलच. मी १९६६ च्या अकरावीचा. मी लिहिणार भूगोलाच्या बाईंवर. नाव देत नाही. आपल्या शाळेत नुसतं 'बाई' म्हटलं की दुसरं कोणी डोळ्यांपुढे येतं का?

तेव्हाचं गोरेगाव आजच्या मुलांना सांगूनही पटत नाही. १९५७ साली आपण मुंबई महापालिकेत गेलो. पत्त्यात 'मुंबई' आली, पण नळात पाणी काही आलं नाही. महायुद्धानंतर शहरात जागा मिळेना म्हणून लोक इकडे आले, वाड्यांतून चाळी उठल्या, हाउसिंग बोर्डाच्या वसाहती झाल्या, आणि विहिरी होत्या तेवढ्याच राहिल्या. पहाटे आधी हंडा, मग आरेच्या केंद्रावर कार्ड आणि रिकाम्या बाटल्या घेऊन दुधाची रांग, आणि मग शाळा. दूध मिळे, पाणी मिळेलच असं नाही! पाण्याच्या मोर्चात आमची आई हंडा घेऊन गेली होती. साऱ्या मुंबईला पुढे मृणालताई गोरे 'पाणीवाली बाई' म्हणून माहीत झाल्या. आमच्या वर्गापुरत्या मात्र पाणीवाल्या बाई दोन होत्या.

कारण बाई भूगोल पुस्तकातून शिकवायच्या नाहीत. "आरेच्या टेकड्यांपलीकडे विहार तलाव आहे. १८६० पासून त्याचं पाणी शहरात जातंय. तुमच्या घरी का येत नाही?" असं विचारून त्या फळ्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. उत्तर आम्ही शोधायचं.

आठवीत, म्हणजे १९६३ च्या उन्हाळ्यात, त्यांनी वर्गाला विहिरी वाटून दिल्या. दर शनिवारी शाळा सुटली की आपापल्या विहिरीवर जायचं, सुंभाला दगड बांधून सोडायचा, काठापासून पाणी किती खाली गेलं ते वहीत लिहायचं. मेट्रिक नुकतंच आलं होतं. पुस्तकात मीटर, आमच्या डोक्यात फूट आणि विहिरीवरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी पुरुष. बाई म्हणाल्या, "फुटांत लिहा. पण पेन्सिलनं लिहा, शाईवर पाणी पडलं की आकडा जातो."

माझ्या वाट्याला आमच्या वाडीतलीच विहीर आली. घरापासून पन्नास पावलं, म्हणूनच आळस. शनिवारी दुपारी क्रिकेट असायचं. मी तीन शनिवार गेलोच नाही. चौदा फूट, साडेचौदा, पंधरा असे छान उतरत जाणारे आकडे घरबसल्या लिहिले. फार बेताचे होते हो, कोणालाही खरे वाटले असते.

बाईंनी वही पाहिली आणि "चल" म्हणाल्या. मधल्या सुट्टीत, डोक्यावर काळी छत्री, हातात सुंभाचं वेटोळं, मागे मी. वाटेत एक शब्द नाही. विहिरीपाशी पोचलो तर काठावर चिखलाचा ढीग. मी वाकून पाहिलं आणि पोटात गोळा आला. तळाशी दोन गडी गुडघाभर चिखलात उभे राहून घमेल्यात गाळ भरत होते.

बाईंनी वरून विचारलं, "काय हो, पाणी किती आहे?"

"पाणी कुठलं, बाई! ही तर आठ दिवसांपासनं कोरडी. परवापासनं गाळ काढतोय."

बाईंनी सुंभ माझ्या हातात दिला. "मोज." मी दगड सोडला, खालच्या गड्यानं तो हसत हसत हातात धरला आणि चिखलाला टेकवला. सव्वीस फूट. ते लिहिलं. मग मी रबर काढला तर बाईंनी हात धरला. "खोडायचं नाही. त्या तीन आकड्यांपुढे लिही, पाहिलं नाही." तीनदा लिहिलं. छडी नाही, घरी चिठ्ठी नाही, वर्गात चकार शब्द नाही. परतताना त्यांनी छत्री अर्धी माझ्या डोक्यावर धरली होती, त्याचीच जास्त लाज वाटली.

पुढे मी व्ही.जे.टी.आय.मधून सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि पालिकेच्या पाणीखात्यात लागलो. बरीच वर्षं पांजरापूरला होतो. तिथं भातसाचं पाणी शुद्ध होऊन मुंबईकडे निघतं. रात्रपाळीचा पोरगा तक्ता घेऊन आला आणि आकडे फार सरळ दिसले की मी विचारायचो, "पाहिलंस का?" पोरं मागे नक्कल करायची. करू देत. २००७ ला निवृत्त झालो, तेव्हा निरोपसमारंभात त्यांनी भेट म्हणून सुंभाला बांधलेला दगड दिला.

बाई गेल्या ते मला पंधरा दिवसांनी कळलं. भेटायला जायचं म्हणता म्हणता वर्षं गेली होती.

विहीर आता नाही. त्या जागी टॉवर आहे आणि टॉवरला टँकर येतो. आपल्या मराठी तुकड्याही कमी झाल्या म्हणतात. त्यावर लिहायला बसलो तर दोन पानांत मावायचं नाही.

वही मात्र आहे. २६ जुलै २००५ ला घरात कमरेइतकं पाणी होतं, कपाटातलं सगळं भिजलं. वहीच्या कव्हरवर शाईनं घातलेलं माझं नाव वाहून गेलं, आतले पेन्सिलचे आकडे शाबूत. समितीला प्रदर्शनात मांडायला हवी असेल तर खुशाल न्या. फक्त पहिलं पान उघडून ठेवा. पुढचं ठेवू नका, नात येणार आहे माझ्याबरोबर.