खानदेशच्या उन्हात कोंबुचा: दिवस तोच, उपसा वेगळा

घरी आंबवण्याचा छंद असलेल्यांची पहिली ओढ बिअरकडे असते, पण आपल्याकडे तिथे दोन अडचणी आहेत. एक कायद्याची: महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य बनवता येत नाही, घरासाठीसुद्धा नाही. दुसरी वेळेची: माल्ट तासभर गरम पाण्यात, मग तासभर उकळी, मग थंड करणं, धुणं, असे पाच-सहा तास सलग लागतात. नोकरी, दुकान किंवा शेत सांभाळणाऱ्याकडे ते नसतात. कोंबुचा म्हणजे गोड चहा आंबवून केलेलं आंबट, फसफसतं पेय. त्याचं काम मात्र दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत तोडता येतं. खाली जळगाव-भुसावळ-धुळे पट्ट्यातल्या तीनही ऋतूंत चालणारी मांडणी आणि तिच्यात झालेले बदल नोंदवले आहेत.

सगळ्यात महत्त्वाचा बदल आधी. बहुतेक कृतींमध्ये "सात ते चौदा दिवस ठेवा, चव बघा" असं असतं. म्हणजे बरणी म्हणेल तेव्हा तुम्ही मोकळं असायला हवं. घाईच्या आठवड्यात हे जमत नाही. बुधवारी रात्री बरणी तयार होते, शनिवारपर्यंत तिचं व्हिनेगर होतं. यावर उपाय म्हणजे दिवस पक्का करायचा, समजा रविवार, आणि ऋतूप्रमाणे बरणीतून किती काढायचं ते बदलायचं. जेवढा उपसा तेवढा ताजा गोड चहा भरायचा. ताज्या चहाचा वाटा मोठा तर आंबायला वेळ जास्त, वाटा लहान तर कमी. दहा लिटरच्या बरणीत आठ लिटर कायम ठेवून हा हिशोब असा बसतो: बरणीचं तापमान २८ ते ३० अंश असेल तर आठवड्याला चार लिटर काढा, २४ ते २७ असेल तर तीन, आणि थंडीत २० च्या खाली गेलं तर दीड ते दोन. हवेचं तापमान धरू नका. थर्मामीटरची पट्टी बरणीच्या काचेला चिकटवा.

या पद्धतीचा आणखी एक मोठा फायदा आहे. बरणीत निम्मं किंवा त्याहून अधिक जुनं आंबट कायम असल्यामुळे ताजा चहा पडताक्षणी पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं आंबट) ४ च्या खाली जातो आणि बुरशीला संधी उरत नाही. दर वेळी रिकाम्या बरणीत दहा टक्के विरजण (आधीच्या खेपेतलं आंबट पाणी) घालून सुरुवात करणाऱ्यांना पहिले दोन-तीन दिवस हाच धोका असतो.

बरणी काचेचीच हवी. तोटीची बरणी घेताना तोटी तपासा. बाजारातल्या बऱ्याच चकचकीत तोट्यांवर फक्त मुलामा असतो, आतलं पितळ किंवा हलकं प्लास्टिक काही महिन्यांत आंबटाने उघडं पडतं. ३०४ ग्रेडची स्टीलची किंवा पूर्ण प्लास्टिकची, खाद्यपदार्थांसाठीची तोटी चालते. ती तळापासून तीन-चार सेंटिमीटर वर असावी, म्हणजे यीस्टचा गाळ खाली राहतो. लोणच्याची चिनी मातीची बरणी टाळा. तिच्या चकाकीत शिसं असेल तर एवढं आम्ल ते सोडवून घेतं. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम तर नकोच.

तोंडाला कापड बांधताना मलमल नको. तिच्या विणीतून चिलटं सहज आत जातात, आणि केळीच्या हंगामात रावेर-यावलकडच्या घरांत चिलटांची कमी नसते. घट्ट विणीचा मांजरपाट घ्या आणि रबराने आवळा. बरणीच्या काठावर सांडलेला गोड थेंबही पुसून काढा, अंडी तिथेच घातली जातात.

आता आठवड्याचं काम. शनिवारी रात्री झोपताना लिटरच्या तीन बाटल्या पाणी फ्रिजमध्ये ठेवा. नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरीचा वास येत असेल तर ते दिवसभर उघड्या पातेल्यात ठेवून मग भरा. बोअरचं पाणी जड असेल तर ते आंबटपणा खाऊन टाकतं, पीएच सावकाश उतरतो आणि चहावर तवंग येतो. तिथे आरओचं पाणी किंवा निम्मं-निम्मं वापरा. रविवारी सकाळी घरचा चहा टाकताना शेजारच्या शेगडीवर एक लिटर पाणी उकळा, गॅस बंद करा, २० ग्रॅम साधी चहापत्ती घाला, आठ मिनिटांनी गाळा आणि २८० ग्रॅम साखर विरघळवा. पत्ती सीटीसी, म्हणजे बारीक दाणेदार, असेल तर १६ ग्रॅम पुरे. पातेलं यासाठी वेगळंच ठेवा, दुधाचा तुपकट अंश आणि वेलदोड्याचं तेल दोन्ही नकोत. मसाला चहाची पत्तीही नको.

इथे वेळ वाचतो तो असा. चार लिटर पाणी उकळलं तर ते निवायला उन्हाळ्यात दुपार उलटते. पण एक लिटर चहा ८० अंशांवर आणि तीन लिटर फ्रिजचं पाणी १० अंशांवर एकत्र केलं की मिश्रण २७-२८ अंशांवर येतं, लगेच बरणीत ओतण्याजोगं. फ्रिजऐवजी माठाचं २५ अंशांचं पाणी घेतलं तर मिश्रण ३९ पर्यंत जातं. तेव्हा तासभर थांबा. उपसा लहान असला तर थोडं कोमट ओतूनही बिघडत नाही, उरलेलं सहा लिटर ते सामावून घेतं.

ओतण्यापूर्वी आधी उपसा. तोटीखाली पातेलं धरायच्या आधी स्वच्छ स्टीलच्या लांब चमच्याने बरणी तळापासून एकदा हलकेच ढवळा. वरचा निवळ भाग काढला तर बाटलीत यीस्टच जात नाही, आणि "गॅस येत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. चव आणि पीएच दोन्ही बघा. २.९ ते ३.२ ही भरायची वेळ. १ ते १४ च्या कागदी पट्ट्यांवर हा फरक दिसत नाही, २.५ ते ४.५ च्या पट्ट्या मागवा. २.५ च्या खाली गेलेलं पिऊ नका, ते विरजण म्हणून ठेवा.

वर तरंगणाऱ्या स्कोबीबद्दल फार हळवं होऊ नये. ती जिवाणूंनी विणलेली सेल्युलोजची चकती आहे. खरं काम आंबट पाण्यातले जिवाणू आणि यीस्ट करतात. चकती बोटभर जाड झाली की वरची ताजी पापुद्री ठेवून खालचे जुने थर काढून टाका, नाहीतर पाण्यापर्यंत हवा कमी पोचते.

उन्हाळ्याची नोंद मोठी आहे, कारण आपल्याकडे बिघडतं ते उन्हाळ्यातच. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ वर असतो आणि बंद खोली ३६-३८ वर. ३२ च्या वर यीस्ट जिवाणूंच्या पुढे पळतं: चव उग्र, वास नेलपॉलिशसारखा, चकती पातळ आणि फाटकी. नेलपॉलिशचा वास म्हणजे इथिल ॲसिटेट, उष्णतेचा ताण झाल्याची खूण. ४० च्या आसपास जिवाणूच थकतात आणि मग आंबटपणा परत यायला दोन-तीन उपसे जातात.

सुदैवाने आपली हवा कोरडी असते, आणि त्याचा फायदा घेता येतो. बरणी मोठ्या परातीत ठेवा, परातीत चार बोटं पाणी, आणि बरणीभोवती गोणपाट असा गुंडाळा की खालचं टोक पाण्यात बुडेल. कोरड्या दुपारी बरणी साधारण २८ ते ३० अंशांवर राहते. गोणपाट बरणीच्या खांद्यापर्यंतच असावं. ते मांजरपाटाला टेकलं की ओल वर चढते, कापड ओलं राहतं आणि बुरशी कापडावरून आत उतरते. परातीतलं पाणी रोज बदला, त्यात डास होतात.

बरणी कूलरच्या झोतात ठेवू नका. थंड मिळतं म्हणून मोह होतो, पण वाळ्याच्या किंवा गवताच्या जुन्या पॅडमध्ये बुरशीचे कण असतात आणि कूलर ते थेट बरणीवर फेकतो. झोत गोणपाटावर यायला हरकत नाही, तोंडावर नको. जुनं धाब्याचं घर असेल तर मधल्या खोलीची भिंतच पुरेशी आहे, पोत्याची गरज पडत नाही.

लग्नसराईत घर पंधरा दिवस बंद राहणार असेल तर निघण्याआधी निम्म्यापेक्षा जास्त उपसा करा, पाच लिटरपर्यंत, आणि तेवढा गोड चहा भरा. परत याल तेव्हा ते पिण्याजोगं नसेल, तिखट आंबट असेल. ते काढून कोशिंबिरीला व्हिनेगर म्हणून वापरा, तीन-चार लिटर मागे ठेवा आणि नव्याने भरा. विरजण फ्रिजमध्ये ठेवण्याचा मार्ग मात्र आम्हाला पटत नाही. जिवाणू मंदावतात आणि बाहेर काढल्यावर पहिल्या आठवड्यातच बुरशीचा धोका वाढतो.

बाटल्यांकडे बिअर बनवणाऱ्यांच्या सवयीने बघू नका. बिअर बाटलीत जाते तेव्हा तिच्यातली यीस्टला खाता येणारी साखर संपलेली असते, म्हणून मोजून घातलेल्या साखरेएवढाच गॅस होतो. कोंबुच्यात साखर भरपूर उरलेली असते. वरून किती घातली याने सुरुवातीचा वेग बदलतो, शेवट ठरत नाही. तो फक्त फ्रिज ठरवतो. शिवाय एका लिटर पेयात एक लिटर गॅस मुरायला सुमारे ४ ग्रॅम साखर खर्च होते, आणि त्याच आंबण्यात जवळपास पाव टक्का मद्यार्क वाढतो. म्हणून फसफस बेताची ठेवा, एक ते दीड पट गॅस पुरे. बरणीतल्या पेयातही थोडा मद्यार्क असतोच, म्हणून गरोदर बायका, लहान मुलं आणि मद्य पूर्ण वर्ज्य असणाऱ्यांनी घरचा कोंबुचा घेऊच नये.

केळी घालायची तर पूर्ण पिकलेल्या केळ्याचा ५० ग्रॅम गर एका लिटरला. त्यातून ६ ते ८ ग्रॅम साखर येते. गर लिंबाच्या चमचाभर रसात घोटून फडक्यातून गाळून घ्या. लिंबाने तो काळा पडत नाही, आणि गाळला नाही तर बाटली उघडताच तंतूंवर बुडबुडे जमून अर्धं पेय भिंतीवर जातं. आलं घालत असाल तर १० ग्रॅम किसलेलं एका लिटरला, आणि वेळ थोडा कमी धरा, कारण आल्याच्या सालीवर स्वतःचं यीस्ट असतं.

बाटल्या दाब सोसणाऱ्या क्लिप-झाकणाच्या किंवा सोड्याच्या प्लास्टिकच्या. चौकोनी शोभेच्या बाटल्या फुटतात. गळ्याशी तीन-चार सेंटिमीटर मोकळं ठेवा. प्रत्येक खेपेला किमान एक बाटली प्लास्टिकची भरा, ती दाबून बाकीच्यांचा अंदाज येतो. ३५-३६ अंशांच्या खोलीत रविवारी संध्याकाळी भरलेली बाटली सोमवारी सकाळी डबा भरण्याच्या वेळी कडक झालेली असते. तेव्हाच फ्रिजमध्ये टाका, "संध्याकाळी आल्यावर बघू" म्हणू नका. तेवढाच गॅस ४० अंशांवर असताना बाटलीतला दाब फ्रिजमधल्यापेक्षा सुमारे तिप्पट असतो. दुपारच्या बंद घरात काच फुटते ती यामुळे. सकाळी घाई असते अशांनी बाटल्या झाकणाच्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवाव्यात, फुटली तरी काच आत राहते. उघडण्याआधी बारा तास तरी थंड होऊ द्या.

पावसाळ्यात फार काही करावं लागत नाही. मृगानंतर खोली २७-३० वर येते, गोणपाट काढून टाका. दमट हवेत ते गार करत नाही, नुसतं कुबट होतं. कापड आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढून इस्त्री करा. पांढरट, सुरकुतलेला पातळ थर आला तर ते काह्म यीस्ट, चव बिघडवतं पण काढून टाकता येतं. कोरडी, लव असलेली, निळी-हिरवी-काळी किंवा पांढरी गोल ठिपकी पृष्ठभागावर दिसली तर ती बुरशी. मग चकती धुऊन वाचवायचा प्रयत्न करू नका, सगळं फेकून बरणी उकळत्या पाण्याने धुवा. तपकिरी धागे आणि खाली लोंबणारे तुकडे यीस्टचे असतात, त्यांना घाबरू नका. ऐनवेळी पंचाईत नको म्हणून अर्धा लिटर विरजण वेगळ्या बाटलीत, कापडाखाली, दुसऱ्या खोलीत कायम असू द्या.

डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास किंवा खाली येतो. बरणी लाकडी कपाटात, जाड गोधडीत गुंडाळून ठेवा, तोंड मोकळं. फ्रिजच्या बाजूची उबदार भिंतही चालते. कडाक्याच्या आठवड्यात बादलीत ३० अंशांचं पाणी घेऊन रात्री बरणी त्यात बसवली तर सकाळपर्यंत ती २० च्या वर टिकते. उपसा दीड लिटरवर आणा. बाटल्यांना गॅस यायला या दिवसांत चार-पाच दिवस लागतात, म्हणजे रविवारी भरलेल्या शुक्रवारी फ्रिजमध्ये.

हाच मेहरूणच्या बोरांचा हंगाम. बोरं कच्ची चेचून घातली तर चिकट गर तळाशी बसतो आणि बाटली धुता येत नाही. १०० ग्रॅम पिकली बोरं फोडून १५० मिली पाण्यात दहा मिनिटं उकळा, गाळा, पूर्ण थंड करा आणि लिटरला ६० ते ७० मिली घाला. उकळल्यामुळे सालीवरचं रानटी यीस्ट मरतं, त्यामुळे वेग नेहमीचाच राहतो. हा रस रविवारऐवजी आठवड्यात कधीही रात्री करून फ्रिजमध्ये ठेवता येतो, तीन-चार दिवस टिकतो.