उभ्या गाडीचा खर्च

गणपती झाले, चाकरमानी मुंबईला परतले की कोकणातल्या घराच्या शेडमध्ये कव्हर घालून ठेवलेली गाडी थेट शिमग्यालाच आठवते. पालखी दारात यायची असते आणि नेमकी तेव्हाच किल्ली फिरवली की आतून नुसतं टकटक. वाडीतली चार पोरं धक्का मारायला येतात, पण गाडी ऑटोमॅटिक असली तर त्यांचाही उपयोग नाही. मग कुणीतरी म्हणतंच, "वापरलीच नाही, तर बॅटरी उतरली कशी?"

प्रश्न रास्त आहे, पण बंद गाडी म्हणजे मेन स्विच पाडलेलं घर नव्हे. घड्याळ, अलार्म, रिमोटची वाट बघत बसलेलं सेंट्रल लॉकिंग, इंजिनाचा कॉम्प्युटर, सगळे थोडं थोडं पीत असतात. हल्लीच्या गाडीत हा खर्च साधारण 20 ते 50 मिलिअँपिअर. तीस धरले, तरी दिवसाला पाऊण अँपिअर-अवरच्या आसपास (एक अँपिअर करंट तासभर वाहिला की एक अँपिअर-अवर). लहान गाडीची बॅटरी 35 अँपिअर-अवरची. ती कोरडीठाक व्हायला दीड महिना पुरतो, आणि सेल्फ कुरकुरायला लागतो तो त्याच्या बराच आधी. नंतरून बसवलेला जीपीएस किंवा डॅशकॅम असेल तर हिशेब आणखी लवकर संपतो.

तारा काढल्या तरी बॅटरी आपली आपण उतरतेच. साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी 25 अंशांना महिन्याला तीन-पाच टक्के गमावते, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग जवळपास दुप्पट होतो. पत्र्याच्या शेडमधला मे महिना तिला म्हणूनच सोसत नाही. पण खरं नुकसान उतरण्यात नाही, उतरलेल्या अवस्थेत पडून राहण्यात आहे. प्लेटांवर जमणारं लेड सल्फेट सुरुवातीला मऊ असतं, चार्जिंगला लावलं की विरघळतं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं की त्याचे कडक खडे होतात आणि तेवढी प्लेट कायमची कामातून जाते.

आता आपल्याकडचा सर्वमान्य तोडगा: "शेजारच्या काकांना किल्ली देऊन ठेवा, दर रविवारी दहा मिनिटं चालू करतील." काकांचा मान राखूनही सांगायला हवं, यात पेट्रोलच जास्त जळतं. स्टार्ट करताना फार जात नाही, दीडदोनशे अँपिअर ओढले तरी ते एक-दोन सेकंदच. अडचण भरण्याची आहे. दहा मिनिटांच्या आयडलिंगमध्ये बॅटरीत एक-दीड अँपिअर-अवर परत गेला तरी पुष्कळ, आणि आठवड्याचा खर्च पाचचा. वर एसी आणि हेडलाइट लावले असतील तर बोलायलाच नको. काकांना गाडी येत असेल तर बाजारापर्यंत अर्धा-पाऊण तास फिरवून आणायला सांगा, टायरही एकाच जागी दबून राहणार नाहीत.

ते जमणार नसेल तर निघण्याच्या आदल्या रात्री बॅटरी पूर्ण चार्ज करावी. क्षमतेच्या दहाव्या हिश्शाचा करंट पुरे, म्हणजे 35 च्या बॅटरीला साडेतीन अँपिअर. जागा हवेशीर हवी, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. झाकणांची बॅटरी असेल तर चार्जिंगनंतर पातळी बघून फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, अ‍ॅसिड कधीच नाही. काही तास तशीच ठेवून मल्टिमीटर लावा: 12.6 व्होल्टच्या वर म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे लगेच चार्जिंगला.

मग गाडी बंद करून पंधरा मिनिटं थांबा, कॉम्प्युटर झोपू द्या, आणि दहाच्या पान्याने निगेटिव्हची, म्हणजे काळी तार काढा. आधी निगेटिव्हच. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पुसून, सुकवून व्हॅसलिन लावायचं. मात्र एक ध्यानात ठेवा, तार काढल्यावर रिमोट चालत नाही आणि कित्येक गाड्यांची डिकीही उघडत नाही. किल्लीने ड्रायव्हरचं दार उघडतं ना, हे आधीच बघून घ्या.

शेडमध्ये प्लग असेल आणि वीज बऱ्यापैकी टिकत असेल तर साडेतेरा व्होल्टच्या आसपास थांबणारा ऑटोमॅटिक मेंटेनन्स चार्जर सगळ्यात उत्तम. मग तार काढायचीही गरज नाही. स्कूटरला मात्र कारचा चार्जर लावू नका. तिची बॅटरी चार-पाच अँपिअर-अवरची, तिला अर्धा अँपिअर पुरतो.

शिमग्याला आल्यावर तार घट्ट बसवा. घड्याळ बारावर आलेलं असेल, काचेचं वन-टच, म्हणजे बटण एकदा दाबलं की काच आपली आपण पूर्ण वर-खाली जाणं, विसरलेलं असेल. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरलं की ते परत येतं. एवढं करूनही रात्रभर चार्ज केलेली बॅटरी सकाळी 12.4 च्या खाली आली, तर चार्जरला दोष न देता नवी घ्या.