दोन महिने विझत राहिलेले दोलन

नांदेडला एम.एस्सी. गणिताच्या शेवटच्या वर्षी मी प्रकल्पासाठी हेस१ या प्रथिनाचा विषय घेतला. हे प्रथिन स्वतःच्याच जनुकाचे काम रोखते आणि पेशीत त्याचे प्रमाण सुमारे दोन तासांच्या आवर्तनाने वरखाली होते, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले होते. हेच वरखाली होणे, म्हणजे दोलन, मला समीकरणांतून मिळवायचे होते. वाचन, विषयाची मंजुरी, समीकरणांची मांडणी, सारे पंधरा दिवसांत उरकले.

अडले ते पुढे. गुडविन यांच्या १९६५ च्या प्रारूपाप्रमाणे मी एमआरएनए (जनुकाचा संदेश नेणारा रेणू), प्रथिन आणि रोखणारा घटक यांची तीन अवकल समीकरणे (प्रमाण कोणत्या दराने बदलते ते सांगणारी) लिहिली, तिन्ही घटकांच्या ऱ्हासाचा दर सोयीसाठी सारखाच धरला आणि रोखण्याची तीव्रता ठरवणारा हिल घातांक ४ ठेवला. आलेखावर पहिली लाट उठे, दुसरी तिच्या निम्म्याहूनही लहान येई आणि पुढे रेघ सपाट होई. मी दर बदलले, सुरुवातीची मूल्ये बदलली, रात्र-रात्र संगणक चालवला. मध्येच वीज गेली की सारे पुन्हा पहिल्यापासून. एकदा घातांक ६ केल्यावर लाट टिकली, तेव्हा मी आनंदाने तिची प्रिंटही काढली. पण ऑयलरच्या रीतीत, म्हणजे काळाच्या छोट्या छोट्या पायऱ्यांनी समीकरण सोडवण्याच्या रीतीत, कालपायरी ०.२ वरून ०.०१ वर आणताच तीही विझली, कारण ती त्या ढोबळ पायरीनेच टिकवून धरली होती. टिकाऊ दोलन दिसले की सर्वांत आधी पायरी लहान करून पाहावी.

शेवटी स्थिरबिंदूभोवतीचे (जिथे प्रमाणे बदलत नाहीत त्या बिंदूभोवतीचे) रेषीयीकरण, म्हणजे समीकरणांचे सरळ रेषेसारखे सोपे रूप, कागदावर केले, तेव्हा अर्ध्या पानात उत्तर मिळाले: दोलन टिकायला दर सारखे असले तरी घातांक ८ पेक्षा जास्त लागतो, आणि दर वेगवेगळे असले तर त्याहूनही जास्त. ग्रिफिथ यांनी हे १९६८ मध्येच दाखवले होते. माझ्या हाती असलेल्या टिपणांत प्रारूप होते, ही अट मात्र कुठेच नव्हती, याची चीड अजून गेलेली नाही.

इतका मोठा घातांक पेशीत मानणे मला पटेना. गच्चीवरची टाकी भरल्याची हाक खाली मोटारीपाशी उशिरा पोहोचली की पाणी वाहून जाते. तसाच उशीर जनुकापासून प्रथिन तयार होण्यात असतो, म्हणून रोखणे उशिरा लागू होते आणि प्रमाण वरखाली होत राहू शकते. मंक यांनी २००३ मध्ये हेस१ साठी हाच विलंब समीकरणांत घातला होता. त्याप्रमाणे एमआरएनए आणि प्रथिन अशी दोनच समीकरणे घेऊन मी घातांक ५ आणि विलंब २० मिनिटे ठेवला. अशा समीकरणाला केवळ सुरुवातीच्या क्षणाचे मूल्य पुरत नाही, आधीच्या २० मिनिटांतली सगळी मूल्ये द्यावी लागतात. आणखी एक राहिलेच: अर्धायुष्य (निम्मे रेणू नष्ट व्हायला लागणारा वेळ) थेट ऱ्हासाचा दर म्हणून घालू नये, ०.६९३ ला अर्धायुष्याने भागावे.

नवी प्रिंट हाती आल्यावर मी पट्टी लावून शिखरे मोजली. दहावे शिखर पाचव्याइतकेच उंच होते.