बल्ब बदलून दिला म्हणजे मिटलं का?

आमच्या भागात एलईडी बल्ब जळाला की पुढचं सगळं ठरलेलंच असतं. बल्ब घेऊन दुकानात जायचं, दुकानदार म्हणणार व्होल्टेजनं गेला असंल, थोडी किरकिर होणार, मग तो काउंटरखालून नवा काढून हातात देणार आणि जुना पोत्यात टाकणार. नव्वद-शंभर रुपयाच्या वस्तूसाठी कोण भांडत बसणार म्हणून आपणही निघतो. पण नुसता बंद पडलेला बल्ब वेगळा आणि तापून मान वितळलेला बल्ब वेगळा, आणि हे दोन्ही एकाच पोत्यात जायलेत, माझा सगळा राग यावर आहे.

परभणी जिल्ह्यात मानवतजवळ आमच्या काकूच्या घरी हे झालं. कापूस घरातच ठेवलेला, भाव वाढेल म्हणून. ज्याच्या घरी कापूस आहे त्याला सांगायला नको, पुढची खोली पार वरपर्यंत भरलेली असते आणि माणसं उरलेल्या जागेत झोपतात. वर जुनं सागवानी माळवद, मधल्या तुळईला होल्डर. रात्री काकूला प्लास्टिक जळाल्याचा वास यायला लागला, आधी तिला वाटलं बाहेर कुणी कचरा पेटवलाय, मग वर बघितलं तर बल्ब चालूच, उजेड फडफडायलाय आणि होल्डरजवळची पांढरी मान तपकिरी होऊन एका बाजूला ओघळलेली. चुलत भावानं पळत जाऊन मेन पाडला. बल्ब आणि कापूस यात हातभर अंतर होतं, बस. ती मान सुटून खाली पडली असती तर काय झालं असतं हे मला अजूनही नीट विचारात घेववत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात तेच. "भाऊ, तुमच्याकडं रात्री मोटारी बंद झाल्या की व्होल्टेज चढतंय, बल्ब बिचारा काय करंल?" व्होल्टेज चढतं हे खरंच आहे, डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, लोड कमी झाला की चढतं, आणि न्यूट्रलची तार तुटली तर सिंगल फेजच्या घरात दोनशे तीसच्या जागी चारशेच्या आसपासही येऊ शकतं. पण त्याच बल्बच्या खोक्यावर १०० ते ३०० व्होल्ट छापलेलं होतं. मग छापलं कशाला? आणि समजा त्याच्याही वर गेलं, तरी बल्बानं बंद पडावं, पेटू नये. हा माझा हट्ट नाही, एलईडी बल्बच्या सुरक्षिततेचं जे भारतीय मानक आहे, आयएस १६१०२ भाग १, त्यात आतला एखादा पार्ट मुद्दाम बिघडवून बघायची चाचणी असते, तसं केल्यावरही आग लागता कामा नये.

दुसरं कारण सांगितलं होल्डर लूज असंल. होल्डर लूज असला तर ठिणग्या होतात, मान्य. पण नऊ वॅटचा बल्ब ओढतो किती, ०.०४ अँपियरच्या आसपास, म्हणजे अगदीच कमी. आणि होल्डरच्या पिना चकचकीत होत्या, काळं झालं होतं ते बल्बच्या मानेच्या आतून. कुठून जळालं ते बघितल्याशिवाय कारण सांगू नये एवढंच माझं म्हणणं.

म्हातारी माणसं म्हणतात पूर्वीचा शंभर वॅटचा पिवळा बल्ब तर हात लावू देत नव्हता, त्याचं कुणी काही केलं नाही. बरोबर आहे, त्यात वीज जायची ती बहुतेक सगळी उष्णताच व्हायची, म्हणून तर कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला तो खुराड्यात टांगायचे. पण तो काचेचा आणि पितळेच्या टोपीचा होता, आत नुसती तार. एलईडीत उष्णता एकूण कमी असली तरी ती मागं जाते, चिपच्या पाठीमागच्या ॲल्युमिनियमवर आणि तिथून मानेत, आणि नेमका मानेतच ड्रायव्हर, म्हणजे चिपला चालंल अशी वीज करून देणारं सर्किट, बसवलेला असतो, कपॅसिटर वगैरे, ज्याला उष्णता सोसत नाही. ॲल्युमिनियम पातळ केलं, नुसत्या प्लास्टिकवर भागवलं की बल्ब स्वस्त पडतो आणि ड्रायव्हर भाजून निघतो. वर तो बंद ग्लोबमध्ये लावला की संपलंच.

भावानं एक गोष्ट केली, जळालेला बल्ब दुकानदाराला दिला नाही. दुकानदार नवा द्यायला तयार होता पण जुना परत पाहिजे म्हणाला, हा म्हणाला मग नवा राहू द्या. बल्ब पोत्यात गेला असता तर आमच्याकडं पुरावाच राहिला नसता, आणि वर त्याची नोंद झाली असती नुसता बदलून दिलेला नग अशी. जळाला, वितळला, घरात कापूस होता, यातलं काही कुठं लिहिलं गेलं नसतं.

मग मी भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर बल्बवरचा आर-नंबर, म्हणजे नोंदणीचा नंबर, टाकून बघितला. आर आणि पुढं आठ आकडे असतात, एलईडी बल्बला ही नोंदणी सक्तीची आहे. नंबर खरा निघाला. म्हणजे माल बोगस नाही, तरी वितळला. ही नोंदणी होते ती कंपनीनं दिलेल्या नमुन्याच्या लॅब रिपोर्टवर आणि कंपनीच्या स्वतःच्या हमीवर, पुढं दुकानात आलेला प्रत्येक लॉट कुणी उघडून बघत नाही. तक्रार गेली तरच कळणार ना.

१९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार केली, मराठीत बोलता येतं, तक्रारीचा नंबरही लगेच मिळाला. कंपनीचं उत्तर काय आलं, तर ग्राहकास उत्पादन बदलून देण्यात येईल. परत तेच! आम्ही बदलून मागितलाच नव्हता, आम्ही विचारलं होतं की हा लॉट अजून विकायलेत का.

यानंतर कायदा वाचत बसलो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनामुळं झालेली हानी मोजताना त्या वस्तूचं स्वतःचं नुकसान धरतच नाहीत, तुमच्या बाकीच्या मालमत्तेचं, शरीराचं, मनस्तापाचं धरतात. म्हणजे आपण ज्या नव्वद रुपयावर भांडतोय ते कायद्याच्या दृष्टीनं सगळ्यात बारकं. जिवाला धोका असलेला माल विकायला ठेवलाय एवढ्यावरही तक्रार करता येते, आणि तो विक्रीतून मागं घ्या असा आदेश जिल्हा ग्राहक आयोग देऊ शकतो. बाजारात बिननावाचे बल्ब मिळतात ना, त्याच्यासाठी कलम ८६ आहे, बनवणारा कोण हेच माहीत नसेल तर जबाबदारी विकणाऱ्यावर येते. बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापार प्रथाच, तेव्हा दहा वेळा मागा पण बिल घ्या. वकील लागत नाही, वस्तूची किंमत पाच लाखापर्यंत असेल तर फी नाही, राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार देता येते आणि मुदत दोन वर्षांची. एवढं सगळं असून आमच्या गावात कुणाला माहीत नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं.

याच कायद्याच्या कलम १७ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज दिलाय, फोटो आणि बॅच नंबर लावून. आता आयोगासाठी तक्रार लिहायलोय. तपासणीसाठी आयोग नमुना सील करून लॅबला पाठवू शकतो, रिपोर्टला पंचेचाळीस दिवस असतात आणि लॅबची फी तक्रारदारानं भरायची असते, हे मला पटत नाही, पण आहे. गावात त्याच खोक्यातले बल्ब अजून दोन घरांनी घेतले होते, त्यांनी ते उतरवून दिलेत आणि फीमध्ये वाटाही उचलणार म्हणाले. जळालेला आणि हे चांगले असे सगळे डब्यात वेगवेगळे गुंडाळून ठेवलेत. मागणीत पहिली ओळ लिहिली आहे ती अशी: नवीन बल्ब नको, या लॉटची तपासणी करून विक्री थांबवावी.