चुकलेल्या हप्त्याचे वीस रुपये

‘ताई, तुम्ही दरवर्षी ठरवता तेवढे पैसे बाजूला टाकता, ते जमतं तरी कसं? आमचा उत्साह जूनपर्यंत. मग काहीतरी उपटतं आणि सगळं बंद पडतं.’ शब्द थोडे इकडचे तिकडे, पण प्रश्न हाच. तो मला सारखा विचारला जातो, कारण मी भांडुपमध्ये पोस्टाच्या आरडीची, म्हणजे दर महिन्याला ठरलेला हप्ता भरायच्या खात्याची, एजंट आहे. घरोघर फिरून हप्ते घ्यायचे, कार्डावर त्या महिन्याच्या रकान्यात रक्कम लिहून सही करायची आणि पैसे पोस्टात भरायचे. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना असं या कामाचं भारदस्त सरकारी नाव. लोकांसाठी मी ‘पोस्टवाल्या ताई’. गोळा केलेल्या १०० रुपयांमागे मला ४ रुपये कमिशन मिळतं. ते सरकार देतं, खातेदाराच्या पैशातून कापलं जात नाही. तरी आधीच सांगून ठेवलं, म्हणजे पुढचं बोलणं त्या हिशेबाने ऐकाल.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, माझ्यात जिद्द वगैरे काही जास्तीची नाही. गुढीपाडव्याला माझाही हुरूप दांडगा असतो आणि पावसाळ्यात माझाही ओसरतो. फरक असलाच तर हिशेब मांडण्यात आहे.

वर्षाचा आकडा ठरला की बहुतेक जण त्याला बाराने भागतात. ६०,००० म्हणजे महिना ५,०००, झालं! पण मुंबईतल्या घराचे बारा महिने सारखे असतात कुठे? जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, रेनकोट, व्हॅनवाल्याचे पैसे. पावसाने जोर धरला की घरात कुणाला ना कुणाला ताप येतो, डॉक्टर रक्त तपासायला सांगतात आणि आपण निमूट तपासून घेतो. मग गणपती. गावी घर असेल तर सगळ्यांच्या जाण्यायेण्याचा खर्च, नसेल तर इथल्या वर्गण्या आणि पाहुणे. ते उरकतं न उरकतं तोच दिवाळी. लोक मला ‘अचानक खर्च निघाला’ म्हणून सांगतात, तेव्हा मी तोंडाने ‘हो ना’ म्हणते आणि मनात म्हणते, जून काय अचानक येतो?

म्हणून मी बाराने भागत नाही. माझं वर्ष पाडवा ते पाडवा. ६०,००० ठरवले तर आरडी ३,००० चीच ठेवते, म्हणजे भर जूनमध्येही झेपेल एवढी. त्यातून ३६,००० होतात. उरलेले २४,००० दिवाळीला हातात येणाऱ्या पैशांतून आणि त्यानंतरच्या हलक्या महिन्यांतून. हप्ता ठरवताना माणूस आपला सगळ्यात बरा महिना डोळ्यांसमोर आणतो. मी सगळ्यात वाईट आणते.

हा झाला कळून येणारा खर्च. न कळवता येणाऱ्याचं काय, ते सांगायला एका मावशींची गोष्ट सांगावी लागेल.

या मावशी एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटतात. महिना २,००० ची आरडी. एका जूनमध्ये मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशात पैसे गेले आणि हप्ता राहिला. जुलैत मी दारात गेले तर त्या पाणी आणते म्हणून आत गेल्या त्या बाहेरच येईनात. शेवटी आतूनच म्हणाल्या, ‘खातं बुडालं ना माझं? आता कशाला भरू?’ मी कार्ड काढून उंबऱ्यावर उघडून ठेवलं. जूनचा रकाना कोरा, त्याच्या आधीचे सगळे भरलेले, प्रत्येकापुढे माझी सही. पोस्टाचा नियम असा आहे की हप्ता चुकला तर १०० रुपयांमागे महिन्याला १ रुपया दंड. आधी राहिलेला हप्ता दंडासकट भरायचा, मग चालू महिन्याचा. मावशींचा दंड झाला २० रुपये. एकूण ४,०२०. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘वीसच? वडापावला जातात एवढे!’ महिनाअखेरीला त्यांनी पैसे आणून दिले, सुटे वीस वेगळे, घडी घातलेले.

असं मी इतक्या घरांत पाहिलंय की आता माझी खात्रीच झाली आहे, बचत पैशाअभावी बंद पडते त्याहून जास्त वेळा शरमेने बंद पडते. पोस्टाने चुकलेल्या महिन्याची किंमत २० रुपये ठरवली. आपण ती आपल्या मनाने अख्ख्या खात्याएवढी करून बसतो. एक हप्ता राहिला की ‘यंदाचं गेलंच’ म्हणून पुढचेही सोडून देतो, आणि पाडव्याला पुन्हा नवा संकल्प.

त्या नियमाला आणखी एक कलम आहे, ते फार कमी लोकांना ठाऊक असतं. चुकलेले हप्ते चारपेक्षा जास्त नसतील, तर तितकेच महिने खात्याची मुदत वाढवून घेता येते आणि राहिलेले हप्ते त्या वाढीव महिन्यांत भरता येतात. पाच वर्षांचं खातं पाच वर्षं दोन महिन्यांचं होतं, इतकंच. हे ज्याने कुणी लिहिलं, त्याने घर चालवलेलं असणार.

मी हीच रीत माझ्या वर्षाला लावते. आमची इमारत ३० वर्षांपुढची. मुंबईत अशा इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. ते झालं, मोठी दुरुस्ती निघाली आणि सोसायटीच्या सभेत घरटी ४०,००० काढायचं ठरलं. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि म्हणूही नये. तळमजल्याच्या खांबांतल्या सळ्या उघड्या पडल्या होत्या. मी बाजूला ठेवलेलं सगळं तिकडे गेलं, वर आरडीचे दोन हप्तेही राहिले. पाडव्यापर्यंत ६०,००० होणं आता शक्यच नव्हतं. मी आकडा तोच ठेवला आणि तारीख पुढे सरकवली. दसऱ्याला रक्कम पुरी झाली. नवरा म्हणाला, ‘मग याला वर्षाचं टार्गेट कसं म्हणायचं?’ म्हटलं, नको म्हणूस. पुढच्या पाडव्यापर्यंत नुसती आरडी चालू ठेवली, बाकी हात मोकळा सोडला. दमलेल्या माणसाने लगेच नवा आकडा मांडू नये असं माझं मत आहे.

राहिलेलं भरून काढायला पुढच्या महिन्यात दुप्पट टाकायचं, हे मात्र मी करत नाही आणि कुणाला करूही देत नाही. तो दुसरा महिनाही कोलमडतो, मग क्रेडिट कार्ड निघतं.

एक वही ठेवते. काढलेल्या पैशांपुढे ते कशाला लागले ते लिहिते. ‘४०,०००, खांब.’ ‘६,५००, आईचा चष्मा आणि तपासण्या.’ वर्षाअखेरी ते पान वाचताना आपण उधळे आहोत असं वाटत नाही. हुरूप म्हणाल तर तो मला तिथून मिळतो, जमलेल्या रकमेकडे बघून तेवढा मिळत नाही.

मोडायचं झालं तर काय, हा पुढचा प्रश्न ठरलेला. पोस्टाची आरडी ३ वर्षांच्या आत मोडता येत नाही, आणि त्यानंतर मुदतीआधी मोडली तर व्याज बचत खात्याच्या दराने मिळतं. यावर लोक कुरकुर करतात. मला ती सोय वाटते. अगदीच गळ्याशी आलं तर १२ हप्ते भरून वर्ष पुरं झाल्यावर जमा रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, आरडीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त व्याजाने. पाटल्या घेऊन सोनाराकडे निघालेल्या एका वहिनींना मी जिन्यातूनच परत फिरवलं होतं, ते या नियमाच्या जोरावर.

चहा-वडापाव सोडून कुणी साठवल्याचं मी अजून पाहिलेलं नाही, जाता जाता हेही सांगते. कटिंग बंद केलेला माणूस चार दिवसांत चिडचिडा होतो आणि रविवारी हॉटेलात सगळं वसूल करतो.

भिशीचा हप्ता मात्र कुणी चुकवत नाही. ज्या बायका मला ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतात, त्याच भिशीच्या दिवशी साडी बदलून वेळेवर हजर असतात. कारण उघड आहे, दहा जणी वाट बघत असतात. माझ्या कामाचाही निम्मा भाग तोच. मोबाईलवरून पैसे आपोआप वळते करता येतात हे मलाही कळतं, पण दारात उभ्या राहिलेल्या बाईला नाही म्हणणं जड जातं. भिशीला माझा विरोध नाही. फक्त तिथला पैसा ज्या बाईकडे जमतो तिच्या प्रामाणिकपणावर असतो, म्हणून वर्षाचा सगळा आकडा तिथे लावू नये. थोडा लावा, मजेचा.

आता ज्यांचे हप्ते थकलेत आणि जे मला बघून भाजीच्या गाडीमागे सरकतात, त्यांच्यासाठी. ओळीने चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं. चौथा चुकल्यापासून दोन महिन्यांच्या आत ते पुन्हा चालू करता येतं. त्यानंतर त्यात भरणा होत नाही. तेव्हा त्या दोन महिन्यांत भेटा. दंड किती बसतो ते मी आधी कागदावर मांडून देईन. पैसे लगेच आणायची गरज नाही, कार्ड तेवढं घेऊन या. सकाळी दहापर्यंत मी घरी असते, नंतर पोस्टात रांगेत.