आजोबांचा निळा कोट

दिवाळीनंतर सांगलीतल्या विश्रामबागेतून एका गृहस्थांचा फोन आला. पंचावन्न इंची फोर-के टीव्ही घेऊन त्यांना महिनाही झाला नव्हता. क्रिकेट झकास दिसायचं, यूट्यूबही झकास. बहिणीच्या लग्नाची डीव्हीडी लावली की मात्र सगळं फिसकटायचं. दुकानाचा माणूस येऊन "जुनी डिस्क आहे, अशीच दिसणार" एवढं सांगून गेला होता. "टीव्ही परत करायचा का, ते तुम्ही ठरवा," असं त्यांचं म्हणणं.

मी पिक्चर ट्यूबच्या काळापासून याच धंद्यात आहे. जुनी डिस्क मोठ्या पडद्यावर उघडी पडते हे खरं, पण "अशीच दिसणार" हे वाक्य मला कधीच पटलेलं नाही. दुपारी बॅग घेऊन गेलो.

डिस्क लावली. लग्न २००६ सालचं. मांडवातली माणसं आडवी फुगलेली, चेहरे उकडलेल्या बिटासारखे लाल. नवरीच्या शालूच्या काठाभोवती पांढरी कड उठत होती आणि लाल-हिरव्या रंगांच्या सीमेवर बारीक ठिपके सरपटत होते. कॅमेरा फिरला की सगळं अडखळत पुढे जायचं. नवरीचे वडील, म्हणजे घरातले आजोबा, कन्यादानाला उभे होते आणि त्यांचा कोट म्हणजे नुसता काळा डाग. बाही कुठे संपते आणि मागचा पडदा कुठे सुरू होतो, कळत नव्हतं. आजोबा जाऊन आता काही वर्षं झाली होती. डिस्क लावा म्हणून आजींचा आग्रह होता तो त्यांच्यासाठीच.

"कोट निळा होता," आजी म्हणाल्या.

"आई, काळाच आहे तो, दिसतोय की," मुलगा, म्हणजे फोन करणारे गृहस्थ, म्हणाला.

मग मुलानं मला मोबाईल दाखवला. कुणीतरी "डिस्क द्या, फोर-के करून देतो" म्हणून नमुना पाठवला होता. चित्र चकचकीत होतं, पण त्यात आजोबांना भलतेच डोळे आले होते. दात एकसारखे, गाल गुळगुळीत. सॉफ्टवेअरला जे दिसलं नाही ते त्यानं मनानं भरलं होतं. आजींनी तो नमुना एकदाच पाहिला होता आणि "हे ह्यांचं तोंड नाही" म्हणून मोबाईल बाजूला ठेवला होता. मला त्या नमुन्याचा खरोखर राग आला. घरच्यांकडे एका माणसाचं एवढंच चालतंबोलतं चित्र उरलंय, आणि तेही बदलून द्यायचं?

पाल ही टीव्हीच्या चित्राची आपल्याकडची पद्धत. तिच्या डीव्हीडीवर एका फ्रेममध्ये आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०. गुणाकार केला तर बरोबर वीसपट. म्हणजे डिस्कमधल्या प्रत्येक ठिपक्यामागे पडद्याला वीस ठिपके भरायचे असतात. वरचे एकोणीस टीव्ही अंदाजानं काढतो. तो अंदाज चांगला यायचा तर मुळातला एक ठिपका तरी स्वच्छ पोचला पाहिजे. इथे तो वाटेत ठिकठिकाणी खराब होत होता.

पहिलं ठिकाण टीव्हीच्या मागे सापडलं. प्लेअरला एचडीएमआय, म्हणजे चित्र आकड्यांच्या रूपात पाठवणारी जोडणी, होतं, पण जोडली होती पिवळी पिन, कारण बसवणाऱ्याला तीच वायर हाताशी मिळाली. पिवळ्या वायरीत उजेड आणि रंग एकाच सिग्नलमध्ये कोंबलेले असतात. टीव्हीला ते पुन्हा वेगळे काढावे लागतात आणि ते कधीच पूर्ण वेगळे होत नाहीत. सरपटणारे ठिपके त्यातूनच येतात. बॅगेतली साधी दीड मीटरची एचडीएमआय केबल लावली. मुलानं विचारलं, सोन्याचा मुलामा दिलेली महागडी आणू का? नको. एवढ्याशा अंतरावर डीव्हीडीच्या सिग्नलला साधी केबल पुरते. आकडे पोचले तर पूर्ण पोचतात.

दुसरं ठिकाण प्लेअरच्या मेनूत. टीव्ही सिस्टीम 'एनटीएससी' वर होती. ती अमेरिका-जपानची पद्धत: ४८० ओळी, सेकंदाला साधारण तीस फ्रेम. भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये सुरू झालं तेव्हापासून आपण पालवर आहोत. आपले लग्नाचे कॅमेरे पाल, डिस्क पाल, सेकंदाला पंचवीस फ्रेम. हा प्लेअर चांगल्या ५७६ ओळींतल्या शंभराच्या आसपास ओळी खाऊन टाकत होता आणि पंचविसाच्या तीस फ्रेम करण्यासाठी मधेमधे एखादी फ्रेम पुन्हा दाखवत होता. अडखळणं तिथून. 'ऑटो' केलं.

मग आउटपुट, म्हणजे प्लेअरनं टीव्हीला किती ओळींचं चित्र पाठवायचं ते. त्यावर '१०८० पी' होतं आणि सगळ्यांना वाटतं तोच आकडा मोठा म्हणून तोच चांगला. पण हा प्लेअर १०८० वर जुन्या टीव्हीच्या आकाराचं, ४:३ चं चित्रसुद्धा आजच्या रुंद १६:९ मध्ये ताणून पाठवत होता, आणि एकदा ताणून आलं की टीव्ही त्याला आकाराचा पर्यायच देत नव्हता. मी '५७६ पी' केलं, मोठं करायचं काम टीव्हीवर सोडलं आणि टीव्हीत ४:३ निवडलं. माणसं सडपातळ झाली. बाजूला दोन काळ्या पट्ट्या आल्या.

"पट्ट्या नकोत हो, एवढा मोठा टीव्ही घेतलाय," सूनबाई म्हणाल्या. मी दोन्ही आकार आलटून पालटून दाखवले. आजी म्हणाल्या, "राहू देत. माझी लेक एवढी जाड नव्हती." विषय संपला.

टीव्ही 'व्हिव्हिड' मोडवर होता. दुकानाच्या ट्यूबलाइटच्या झगमगाटात शेजारच्या टीव्हीवर मात करायला तो मोड ठीक आहे. घरात त्यानं निळसर पांढरा आणि भडक लाल रंग येतो. 'सिनेमा' मोड आणि 'वॉर्म' रंग घेतला. पांढऱ्याचं जे प्रमाण चित्रीकरणवाले धरतात, ते ६५०० केल्विन, त्याच्या जवळ हेच जातं. शार्पनेस पन्नासवरून शून्यावर आणला. शार्पनेस तपशील वाढवत नाही, फक्त कडांना पांढरी-काळी किनार लावतो. काठाभोवतीची कड ती हीच. नॉइज रिडक्शन बंद, मधल्या फ्रेम स्वतः बनवून घुसवणारं मोशन स्मूदिंगही बंद. बंद करताच शालूच्या जरीत बुट्ट्या दिसू लागल्या. डिस्कमध्ये त्या होत्याच. टीव्ही त्यांना कचरा समजून पुसत होता.

कोट मात्र अजून काळाच होता, उलट जास्तच गच्च. तेव्हा माझी टेस्ट डिस्क लावली. तिच्यात काळ्या पार्श्वभूमीवर तीन उभ्या पट्ट्या आहेत: एक काळ्याहून काळी, एक काळ्याहून किंचित उजळ, एक आणखी थोडी उजळ. ब्राइटनेस नीट असला तर पहिली दिसत नाही, दुसरी जेमतेम दिसते, तिसरी स्पष्ट दिसते. इथे तीनही गायब. ब्राइटनेस चढवला तर अख्खा पडदा राखाडी व्हायला लागला, पट्ट्या नीट वेगळ्या होईनात. म्हणजे दोष ब्राइटनेसचा नव्हता. व्हिडिओत काळं १६ वर आणि पांढरं २३५ वर मोजतात, संगणकात ० ते २५५. प्लेअरचं एचडीएमआय 'आरजीबी फुल' वर, म्हणजे ० ते २५५ वर होतं, टीव्ही १६ ते २३५ धरून बसला होता. सोळाच्या खालचं सगळं त्याच्या लेखी काळं. प्लेअर 'वायसीबीसीआर' वर, म्हणजे १६ ते २३५ च्या मोजणीवर नेला, ब्राइटनेस जागेवर आणला. दुसरी पट्टी अंधारातून हलकेच वर आली.

लग्नाची डिस्क परत लावली. कोटाला कॉलर आली, बाहीची घडी आली, खिशाला लावलेलं पेन आलं. आणि कोट गडद निळा होता.

आजी मुलाकडे वळून म्हणाल्या, "बघ. शिवायला टाकला तेव्हा मी होते सोबत." मग त्यांनी मला तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला, आणि पुन्हा. मुलगा काही बोलला नाही. खुर्ची ओढून आईशेजारी बसला.

दुसरी डिस्क वरात आणि स्वागत समारंभाची. सगळं जुळवूनही ती थरथरत होती. "जुन्या टीव्हीवरही असं व्हायचं का?" मी विचारलं. "व्हायचं की," आजी म्हणाल्या, "आम्हाला वाटायचं कॅमेरावाला थंडीनं कुडकुडतोय." ही खूण ओळखीची होती. लॅपटॉपवर डिस्क उघडली. जुन्या व्हिडिओत प्रत्येक फ्रेम दोन फील्डची असते: सम ओळी एकदा, विषम ओळी सेकंदाच्या एक पन्नासांश भागानंतर. एकेक फील्ड सुटं करून पुढे सरकवलं. करवली हातातला दिवा घेऊन पुढे जाते, किंचित मागे येते, पुन्हा पुढे. मिनी-डीव्ही, म्हणजे छोट्या डिजिटल टेपवर टिपणारा कॅमेरा, खालचं फील्ड आधी टिपतो. डिस्क बनवताना वरचं आधी अशी नोंद पडली होती. त्या काळच्या लग्नाच्या डिस्कांमध्ये हा प्रकार मी बऱ्याचदा पाहिला आहे. यात टीव्हीच्या कुठल्याच सेटिंगचा उपयोग नाही. चित्र पुन्हा कॉम्प्रेस न करता फक्त ती नोंद उलटी केली आणि नवी डिस्क लिहिली. करवली सरळ चालत गेली.

मूळ डिस्का शोकेसमध्ये, खिडकीच्या उन्हात ठेवलेल्या होत्या. संगणकावर लिहिलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो आणि ऊन त्याचा शत्रू. दोन्हींची जशीच्या तशी प्रत हार्डडिस्कवर घेतली, मूळ डिस्का कपाटात ठेवायला सांगितल्या. क्रिकेटचं काय, हा मुलाचा प्रश्न होता. त्या टीव्हीत प्रत्येक पोर्टचं सेटिंग वेगळं राहतं, सेट-टॉप बॉक्सच्या पोर्टवर त्यांना हवं तसं ठेवून दिलं.

निघताना मी विचारलं, फोटोग्राफरकडे मूळ टेप असतील का? तीन तासांचं लग्न ४.७ जीबीच्या डिस्कवर बसवायचं म्हणजे सरासरी सेकंदाला साडेतीन मेगाबिटच हाती लागतात. मिनी-डीव्ही टेपवर चित्रालाच पंचवीस असतात. मांडवातल्या दूरच्या चेहऱ्यांवर जे चौकोन दिसतात ते टेपमध्ये नसणार. मुलानं तिथूनच फोन लावला. फोटोग्राफरनं स्टुडिओ कधीच बंद केला आहे, पण टेपांचं खोकं माळ्यावर आहे म्हणाला. टेप वाचणारा कॅमकॉर्डर आणि त्याला जोडायचं जुनं फायरवायर पोर्ट असलेला संगणक मी अजून चालू ठेवलाय. रविवारी आम्ही दोघं तासगावला जाऊन ते खोकं आणणार आहोत.